नव्या खाऱ्या टाकीचे आकडे वाचायचे कसे: आधी मीठ, मग बाकीचं

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरच्या मानेवाड्यात घर आहे. पाच आठवड्यांपूर्वी खाऱ्या पाण्याची टाकी लावली. खालचा सम्प (पंप आणि गाळणी असलेली जोडटाकी) धरून प्रत्यक्ष पाणी सुमारे २०० लिटर, कृत्रिम खडक, दोन क्लाउनफिश. हायड्रोमीटर (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता दाखवणारं साधन) १.०२९ दाखवतो. पाणी सकाळी २८ अंश, दुपारी साडेतीस. पीएच ७.८, अमोनिया ०.५, नायट्राईट २, नायट्रेट ५०, केएच (पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद) ११, कॅल्शियम ४८०, मॅग्नेशियम १४५०. दुकानदाराने पीएच वाढवायची पावडर आणि बॅक्टेरियाची बाटली दिली. पावडर टाकली की पीएच एक दिवस चढतो आणि पुन्हा खाली येतो. मासे वरच्या थरात येऊन जोरजोरात कल्ले हलवतात. यातला कोणता आकडा आधी दुरुस्त करायचा, हे तुम्ही विचारलंय.

आधी मीठ. बाकी सगळं त्यानंतर. तुमच्या यादीतले निम्मे आकडे चुकीचे नाहीत, ते फक्त फुगलेले आहेत, आणि फुगवलंय मिठाने.

समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात, म्हणजे ३५ पीपीटी. २५ अंशांना त्याची विशिष्ट घनता १.०२६ च्या थोडी वर येते. तुमचं १.०२९ म्हणजे अंदाजे साडेअडतीस पीपीटी. साडेअडतीसला ३५ ने भागलं की १.१ मिळतात. टाकीतली प्रत्येक गोष्ट दहा टक्के घट्ट झाली आहे. आता तुमचेच आकडे १.१ ने भागून बघा. कॅल्शियम ४८० चं ४३६ होतं, मॅग्नेशियम १४५० चं १३१८, केएच ११ चा १०. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुळात ठीकच आहेत. केएच थोडा जास्त आहे, त्याचं कारण ती पावडर. म्हणजे चार आकड्यांची चिंता एका आकड्यात येऊन बसली.

तो एक आकडा चढला कसा, तेही तुमच्याच मजकुरात आहे. "कमी झालेलं पाणी कधी आरओचं भरतो, कधी मीठ कालवलेलं," असं तुम्ही लिहिलंय. टाकीतून उडतं ते फक्त पाणी. मीठ जागच्या जागी राहतं. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्यानेच करायची. मिठाचं पाणी फक्त टाकीतलं पाणी काढून नवं घालताना वापरायचं. हिशेब करा: २०० लिटरमध्ये साडेतीन पीपीटी जास्त म्हणजे ७०० ग्रॅम मीठ जास्त. एक लिटर समुद्री पाण्यात ३५ ग्रॅम धरले तर हे २० लिटर झाले. पाच लिटरच्या कॅनने तुम्ही चारदा जरी मिठाचं पाणी भरपाई म्हणून ओतलं असेल, तरी एवढा फरक पडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात चार कॅन कधी गेले ते कळतही नाही.

पुण्या-मुंबईचे सल्ले नागपूरच्या टाकीला जसेच्या तसे लावू नका, ते यामुळेच. मुंबईच्या दमट हवेत पाणी सावकाश उडतं. आपल्याकडे नवतपात (मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत) हवा इतकी कोरडी असते की उघड्या टाकीवर पंखा लावला तर २०० लिटरमधून दिवसाला पाच लिटर सहज जातात. पाच लिटर गेले आणि भरले नाहीत तर ३५ चे जवळपास ३६ पीपीटी होतात, तेही एका दिवसात. दोन दिवस बाहेरगावी जाऊन आलात की ३७. माशांना आणि बॅक्टेरियांना त्रास होतो तो एवढ्या वेगाने बदललेल्या खारेपणाचा. ३४ की ३६, हा वाद त्यामानाने दुय्यम आहे.

पण दुरुस्ती करण्याआधी मोजणी पक्की करा. प्लास्टिकच्या काट्याचा हायड्रोमीटर मी कोणाच्याही नव्या टाकीसाठी सुचवत नाही. काट्याला बारीक बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा जास्त दाखवतो. काट्यावर क्षाराचा थर बसला की तो जड होतो आणि आकडा कमी दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा सांगणारं यंत्र) घ्या, पण तोही डोळे झाकून वापरू नका. बहुतेकांच्या अंगावर तापमानाची भरपाई आपोआप होते असं लिहिलेलं असतं. ती साधारण १० ते ३० अंशांपुरतीच असते. मे महिन्यात दुपारी तुमची खोली ३५ अंशांवर असेल तर ती भरपाई लागू होत नाही. म्हणून वाचन सकाळी घ्या किंवा एसीच्या खोलीत घ्या, आणि त्याच वेळी ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने यंत्र जुळवून घ्या. फक्त आरओच्या पाण्याने शून्य जुळवणं पुरेसं नाही. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर दोन-तीन पीपीटीने चुकू शकतं.

प्रमाणित द्रावण मिळत नसेल तर घरी करता येतं. शुद्ध, आयोडीन नसलेलं, कोरडं सोडियम क्लोराईड ३६.५ ग्रॅम आणि शून्य टीडीएसचं (म्हणजे काहीही विरघळलेलं नसलेलं) पाणी ९६३.५ ग्रॅम, दोन्ही वजनाने. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ३५ पीपीटी समुद्री पाण्याइतकंच दिसतं. काच पुसून दोन-तीन थेंब टाका, झाकण अलगद लावा, खाली हवा अडकली नाही ना ते बघा आणि अर्धा मिनिट थांबा, म्हणजे थेंब काचेच्या तापमानाला येतील. मग उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या सीमारेषेचा आकडा वाचा. रेषा ३५ वर नसेल तर वरचा स्क्रू फिरवून आणा. मग काच आरओच्या पाण्याने धुऊन, पुसून टाकीचा थेंब घ्या.

नव्या मोजणीतही साडेअडतीस आलं तर टाकीतलं पाच लिटर पाणी काढा आणि पाच लिटर शुद्ध पाणी सम्पमध्ये बारीक धारेने सोडा. असं रोज एकदा, चार दिवस. दर खेपेला साधारण एक पीपीटी उतरेल आणि चौथ्या दिवशी तुम्ही ३५ च्या आसपास असाल. रोज उडणाऱ्या पाण्याची भरपाई याव्यतिरिक्त करायची आहे. ती विसरलात तर चार दिवसांनी आकडा तिथेच दिसेल. सम्पच्या काचेवर, पंप चालू असताना, मार्करने पातळीची रेघ मारा. रोज ठरावीक वेळी त्या रेघेपर्यंत शुद्ध पाणी भरा. जमेल तेव्हा आपोआप पाणी भरणारं यंत्र बसवा. नागपुरात लाइटच्या आधी मी याच्यावर पैसे खर्च करायला सांगतो.

आता माशांचं. ते जोरात श्वास घेतात याला दोन कारणं एकत्र आली आहेत. पहिलं ऑक्सिजन. समुद्री पाण्यात २५ अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना सव्वासहाच्या आत. खारेपणा वाढला की तो आणखी घटतो. त्यात नव्या टाकीतले बॅक्टेरियाही तोच ऑक्सिजन वापरतात. पॉवरहेडचं (पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड वर करा, पृष्ठभाग खळबळता ठेवा. इन्व्हर्टरवर निदान एक पंप असू द्या. उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हा टाकी आधी गुदमरते, तापते नंतर.

दुसरं कारण अमोनिया. इथे दुकानदाराच्या पावडरीने तुमचं नुकसान केलंय. किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला बराचसा भाग अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो आणि थोडा मोकळा, विषारी अमोनिया. या दोघांचं प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतात. तुमच्या ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७.८ असताना मोकळा भाग चार टक्क्यांच्या आसपास असतो. पावडर टाकून पीएच ८.३ केला की तो जवळपास तिप्पट होतो. किटवरचा आकडा ०.५ च राहतो आणि माशांच्या कल्ल्यांना मात्र तिप्पट विष लागतं. टाकीत अमोनिया शून्य होईपर्यंत पीएच वर ढकलायचा नाही, ही गोष्ट प्रत्येक दुकानाच्या काउंटरवर लिहून लावायला हवी.

ती पावडर बंद करा. केएच १० असताना पीएच खाली राहतो तो पावडरीच्या कमतरतेने नव्हे. बहुतेक वेळा कारण खोलीतली हवा असते. एसीसाठी दारं-खिडक्या बंद, घरात चार माणसं, स्वयंपाकघरात गॅस चालू. खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच दाबून धरतो. पडताळणी सोपी आहे. सकाळी टाकीतलं एक ग्लास पाणी घ्या, पीएच मोजा. ग्लास गॅलरीत ठेवून त्यात एअर स्टोनने तासभर हवा सोडा आणि पुन्हा मोजा. बाहेरच्या हवेने पीएच ८.१-८.२ वर गेला तर दोष खोलीचा आहे. मग स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढा, सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडा, आणि तो आकडा आपोआप वर येईल. कूलरच्या खोलीत पीएच सहसा चांगला राहतो, कारण कूलर बाहेरची ताजी हवा आत ओढतो. मात्र त्याच कूलरने हवा दमट होते आणि टाकीवरच्या पंख्याचा गारवा कमी होतो. दोन्हीपैकी काय सांभाळायचं ते तुमच्या घराच्या रचनेवर आहे. माझं मत विचाराल तर आधी तापमान सांभाळा. ७.९ पीएचमध्ये मासे वर्षानुवर्षं छान राहतात.

तापमानाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पाण्याचं रसायन त्याच्यापासून वेगळं काढता येत नाही. एक लिटर पाणी उडताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. तुमचं २०० लिटर पाणी एका अंशाने थंड करायला साधारण ८४० किलोज्यूल लागतात. म्हणजे एक लिटर उडालं की जवळपास तीन अंशांचा गारवा मिळतो. बाहेरून उष्णता सारखी आत येत असते म्हणून प्रत्यक्षात एवढा फरक दिसत नाही, पण कोरड्या मे महिन्यात सम्पवर लावलेले दोन छोटे पंखे दोन-तीन अंश नक्की उतरवतात. या गारव्याची किंमत म्हणजे तेच रोजचं पाच लिटर पाणी. जूनच्या शेवटी पाऊस लागला की हवा दमट होते आणि पंखे जवळपास निकामी होतात. सुदैवाने तेव्हा खोलीही थंड झालेली असते. ऑक्टोबरचा उकाडा एकदा त्रास देतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा हीटर लागतोच. चिलर घेणार असाल तर तो टाकीखालच्या बंद कपाटात ठेवू नका. पाण्यातून काढलेली उष्णता तो तिथेच ओततो आणि पुन्हा तीच थंड करत बसतो. पाण्यासाठी लक्ष्य २५-२६ अंश ठेवा. उन्हाळ्यात ते जमत नसेल तर स्थिर २७ चालेल. सकाळ-दुपारचा अडीच अंशांचा झोका थांबवणं जास्त महत्त्वाचं आहे.

आता नायट्रोजनचं चक्र. अन्न आणि विष्ठेतून अमोनिया येतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात, दुसरे नायट्राईटचं नायट्रेट. हे बॅक्टेरिया हळू वाढतात. चार ते सहा आठवडे लागणं नेहमीचं आहे, कोरड्या कृत्रिम खडकांनी सुरुवात केली तर त्याहून जास्तही. तुमची टाकी पाचव्या आठवड्यात नायट्राईट दाखवतेय याचा अर्थ काम सुरू आहे. नायट्राईट २ बघून घाबरू नका. गोड्या पाण्यात तो जीवघेणा ठरतो. खाऱ्या पाण्यातलं मुबलक क्लोराईड त्याला कल्ल्यांमधून आत शिरू देत नाही, त्यामुळे समुद्री मासे त्याहून कितीतरी जास्त नायट्राईट सोसतात. तुमची खरी काळजी अमोनियाची.

नायट्रेटच्या ५० या आकड्याकडे तर सध्या बघूच नका. बरीच किट पाण्यातल्या नायट्रेटचा थोडासा भाग आधी नायट्राईटमध्ये बदलतात आणि मग त्याचा रंग मोजतात. पाण्यात आधीच नायट्राईट असेल तर तोही त्याच रंगात मिसळतो आणि नायट्रेटचा आकडा अनेक पटींनी फुगतो. नायट्राईट शून्य झालं की नायट्रेट मोजा. तेव्हा जो येईल तो खरा.

सगळ्यात चांगलं म्हणजे दोन्ही मासे महिनाभरासाठी दुकानात परत द्या किंवा कोणा जुन्या टाकीवाल्याकडे ठेवा. माशांना अमोनियात ठेवून टाकी तयार करण्याची पद्धत मला पटत नाही. त्याची गरजही नाही. अमोनियम क्लोराईड, म्हणजे आपला नवसागर, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. २०० लिटरमध्ये सव्वा ग्रॅम टाकला की अमोनिया सुमारे २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग) होतो. तो उतरत गेला की पुन्हा तेवढाच टाका. पाचच्या वर मात्र नेऊ नका, जास्त अमोनियाने चक्र उलट अडकतं. संध्याकाळी टाकलेला २ पीपीएम अमोनिया दुसऱ्या संध्याकाळी शून्य झाला आणि नायट्राईटही शून्य आला, की टाकी तयार झाली. या प्रक्रियेत आम्ल तयार होतं आणि केएच खर्च होतो, प्रत्येक २ पीपीएम अमोनियामागे अर्ध्या ते पाऊण डीकेएचच्या (हे केएचचं एकक) आसपास. म्हणून आठवड्यातून एकदा केएच बघा. ७ च्या खाली गेला तर साधा खायचा सोडा घाला. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा एक डीकेएच वाढवतो. शुद्ध पाण्यात विरघळवून सावकाश घाला, एका दिवसात एक डीकेएचपेक्षा जास्त नको. तुमच्याकडे आत्ता १० आहे, तेव्हा यातलं काहीच करायचं नाहीये.

मासे परत देणं शक्य नसेल तर खाणं एक दिवसाआड आणि चिमूटभर द्या. अमोनिया ०.५ च्या वर जाताच वीस टक्के पाणी बदला, नव्या पाण्याचं तापमान आणि खारेपणा टाकीशी जुळवून. आणि त्या बाटलीतल्या बॅक्टेरियांबद्दल: चांगली बाटली चक्राला वेग देते, पण मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत चार दिवस भाजून आलेल्या बाटलीत जिवंत किती उरले असतील? अशी बाटली हिवाळ्यात घ्या, किंवा फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या दुकानातूनच घ्या.

पाण्याच्या मुळाकडे येतो. नागपूरला महापालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानमधून येतं. बऱ्याच सोसायट्यांत त्यात बोअरचंही मिसळलेलं असतं, उन्हाळ्यात जास्तच. बोअरचं पाणी जड असतं. शिवाय आपल्या भागातल्या बेसॉल्ट खडकातून त्यात सिलिका उतरते. दोन्ही खाऱ्या टाकीला नकोत. तुम्ही वापरता ते "आरओचं पाणी" स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं असेल तर त्याचा टीडीएस मोजा. पिण्याचं पाणी चवदार राहावं म्हणून त्या यंत्रात थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा शेवटी खनिजांची नळी लावलेली असते. त्यामुळे ५०-१०० टीडीएस दिसला तर नवल नाही. मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेनच्या लगेच पुढे एक वेगळा नळ काढून घ्या आणि त्यापुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांची) नळी जोडा. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य हवा. रेझिन थकायला लागलं की सगळ्यात आधी सिलिका निसटते आणि तेव्हाही मीटर शून्यच दाखवू शकतो. म्हणून खडकांवर सिलिकेवर पोसणारा तपकिरी थर पुन्हा पुन्हा येत असेल तर रेझिन बदलून बघा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत असा थर एकदा येणं मात्र अगदी स्वाभाविक आहे. त्यासाठी कुठलंही औषध टाकू नका.

एसीतून ठिबकणारं पाणी शुद्ध असतं म्हणून काही जण ते भरपाईला वापरतात. ते तांब्याच्या नळ्या आणि धूळ यांच्यावरून आलेलं असतं आणि तांबं कोळंबी, गोगलगाय, खेकड्यांना अत्यल्प प्रमाणातही मारतं. याच कारणाने मीठ कालवायला तांब्या-पितळेचं भांडं नको. डासांची कॉइल आणि लिक्विड मशीनही टाकीच्या खोलीत नको. त्यातली पायरेथ्रॉइड द्रव्यं मासे आणि कोळंबी दोघांनाही घातक असतात. कूलरमुळे डास होतातच, पण त्यावर जाळी लावा आणि कूलरची टाकी आठवड्याला कोरडी करा.

मीठ समुद्री टाकीसाठी बनवलेलंच घ्या. खडे मीठ, सैंधव, शेंदेलोण यांत सोडियम क्लोराईड सोडून जवळपास काही नसतं. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराईड मिळून शेकडा ८५ च्या आसपास आहेत. उरलेल्या पंधरा टक्क्यांतच मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं सगळं आलं. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागतं. नेमकं वजन तुमच्या ब्रँडवर आणि मिठाने ओढलेल्या दमटपणावर अवलंबून, म्हणून शेवटचा निर्णय रिफ्रॅक्टोमीटरचा. आधी ड्रममध्ये पाणी घ्या, पॉवरहेड चालू करा, मग मीठ थोडं थोडं टाका. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी क्षणभर अतिघट्ट द्रावण होतं, कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाहेर पडतात आणि ती भुकटी पुन्हा विरघळत नाही. आणि टाकीत जाण्याआधी ताज्या मिसळलेल्या पाण्याचा केएच आणि कॅल्शियम एकदा तरी मोजून वहीत लिहा. ब्रँडनुसार केएच ७ पासून १२ पर्यंत असू शकतो. तुमचं मीठ मुळात किती देतं हे माहीत नसेल तर टाकीने किती खर्च केलं ते कधीच कळणार नाही. पावसाळ्यात पिशवी उघडी ठेवू नका, दगड होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

तुमचे मेहुणे अलिबागहून समृद्धी महामार्गाने समुद्राचं पाणी कॅनमध्ये आणायला तयार आहेत, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना राहू द्या. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं, त्यात नाल्यांचं आणि बोटींच्या तेलाचं मिसळलेलं असतं, पावसाळ्यात खारेपणा घसरतो. मुंबईपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा तो रस्ता उन्हात, बंद कॅनमध्ये कापताना त्यातले सूक्ष्मजीव मरून तिथेच अमोनिया तयार होतो.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची किट सध्या कपाटात ठेवून द्या, थंड आणि अंधाऱ्या जागी. ही दोन खर्च होतात ती सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळांना. तुमच्या टाकीत फक्त मासे आहेत, पाणी बदलण्यातून लागतं तेवढं परत येतं. "पुढे कोरल ठेवायचे" असं तुम्ही म्हणता, त्याबद्दल स्पष्टच सांगतो. प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. दुकानात उघड मांडलेत म्हणून ते कायदेशीर आहेत असं समजू नका. समुद्रातून तोडलेल्या "लाइव्ह रॉक"लाही हेच लागू. तुम्ही कृत्रिम खडक घेतलेत ते फार चांगलं केलंत. माशांमध्येही पैदास केलेले मागा. क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने विकसित केलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला क्लाउनफिश घेण्याचं काहीच कारण नाही.

एकदा पंप उघडून बघा. केएच ११, कॅल्शियम ४८० आणि तापलेलं पाणी असा मेळ जमला की हीटर आणि पंपाच्या चकतीवर पांढरा खरखरीत थर बसतो. दिसला तर पंप पाण्याने पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर भिजवा, ब्रशने घासा आणि स्वच्छ धुऊन लावा. थर राहिला तर पंप गरम होतो आणि ती उष्णताही पाण्यातच जाते.

चक्र पूर्ण झालं की दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे तुमच्यासाठी २० लिटर पाणी बदलत राहा. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान राहू द्या. दोन्ही शून्यावर नेण्याच्या मागे लागू नका. अशा उपाशी टाकीत तपकिरी, बुडबुड्यांनी भरलेले चिकट दोरे दिसायला लागतात. ते डायनोफ्लॅजेलेट्स असतात आणि हटवायला साध्या शेवाळापेक्षा कितीतरी अवघड.

मासे परत आणाल किंवा नवे घ्याल तेव्हा पिशवीतल्या पाण्याचा खारेपणा आधी मोजा. परजीवी आटोक्यात राहावेत आणि मीठ वाचावं म्हणून बरीच दुकानं १.०१८ ते १.०२० वर मासे ठेवतात. तो मासा थेट तुमच्या १.०२६ मध्ये सोडला तर अंगातलं पाणी झपाट्याने बाहेर ओढलं जातं. पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसणंही बरोबर नाही. प्रवासात पिशवीत अमोनिया साठलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, म्हणून मासा तग धरून असतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. त्यापेक्षा एक ४० लिटरची वेगळी टाकी, त्यात एअर पंप आणि जुन्या सम्पमधला स्पंजचा तुकडा, पाणी पिशवीच्याच खारेपणाचं. बंद पिशवी वीस मिनिटं त्यात तरंगवून तापमान जुळवा, उघडा, मासा जाळीने उचलून सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. मग रोज थोडं पाणी काढून तेवढंच जास्त खारट पाणी घाला, दिवसाला एक ते दीड पीपीटीपेक्षा जास्त चढू न देता. आठवडा-दहा दिवसांत तो ३५ वर येईल. तिथे आणखी दोन-तीन आठवडे ठेवा, नीट खातोय, अंगावर पांढरे ठिपके नाहीत, असं दिसलं की मुख्य टाकीत सोडा, संध्याकाळी, लाइट बंद करून.